जमिनीवरचा बोयेट

आमच्या ऑफिसात कुणाचं प्रेम जुळलं, मोडलं किंवा नुसतं डळमळलं, तरी ते आधी बोयेटला कळायचं. सांगणारा रडत असो की हसत असो, बोयेट खुर्ची गर्रकन वळवायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, "थांब. तेव्हा ती कुठे उभी होती?"

आमच्या मॅनेजरचा घटस्फोट झाला तेव्हा त्यालाही त्याने हेच विचारलं. मॅनेजर म्हणाला, "गॅरेजच्या दारात." बोयेट बराच वेळ मान हलवत राहिला. मग म्हणाला, "दार वर जाणारं की बाजूला सरकणारं?" आता हा माणूस भडकणार असं मला वाटलं. पण मॅनेजरने नीट आठवून सांगितलं, "वर जाणारं." आणि का कोण जाणे, त्यानंतर त्याला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं.

मी वैशाली. लग्न करून नागपूरहून अमेरिकेत शॉमबर्गला आले आणि एका विमा कंपनीत बोयेटच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये जाऊन बसले. आमचं दोघांचं काम एकच. विम्याच्या दाव्यांचं सॉफ्टवेअर तपासायचं, म्हणजे ते कुठे कुठे मोडतं ते शोधायचं. माणसांच्या बाबतीत बोयेट हेच काम फुकट करायचा.

बोयेट फिलिपिनो. जन्म मनिलाजवळचा, पण वाढला इथेच, शॉमबर्गमध्ये. चाळिशी ओलांडलेला, गोल चेहऱ्याचा, पुढचे केस विरळ झालेला. खरं नाव रॉबर्टो. पण त्यांच्यात खरं नाव फक्त पासपोर्टसाठी आणि पोलिसांसाठी असतं. त्याच्या एका मावसभावाचं नाव डिंग होतं आणि एका आत्याचं नाव बेबी. बेबी सत्तरीच्या होत्या. मी खूप हसले. मग त्याने माझ्या घरच्यांची नावं विचारली. बंड्या, पिंट्या आणि छकुलीपर्यंत मी सांगितलं आणि बाळकाकांपाशी अडखळले. "बाळ म्हणजे बेबी ना?" त्याने विचारलं. "वय किती त्यांचं?" त्यानंतर मी त्याच्या नातेवाइकांच्या नावांना हसले नाही.

एखादी वस्तू किंवा दिशा दाखवायला तो बोट वापरत नसे. ओठांचा चंबू करून त्या दिशेला फेकायचा. स्टेपलर कुठे आहे? चंबू. बाथरूम? चंबू. ऑफिसात नवीन आलेल्या एका मुलीचा गैरसमज झाला आणि एचआरवाल्यांनी त्याला बोलावून घेतलं. ही आमच्याकडची रीत आहे, यात प्रेमाचा काही संबंध नाही, हे त्याने त्यांना अर्धा तास समजावलं. त्यांना पटलं. निघताना खोलीला दोन दारं दिसली, तेव्हा बाहेर जायचं कोणतं हे त्याने ओठांनीच विचारलं.

माझ्या लग्नाची गोष्टही त्याने अर्थातच काढून घेतली. माझं लग्न ठरवून झालेलं, त्यात सांगण्यासारखं काय असणार? पण बोयेटने जेवणाचा डबा बाजूला सारला. "म्हणजे नितीन तुला पहिल्यांदा बघतोय. तू कुठे बसलीयेस?"

"सोफ्यावर. तोही त्याच सोफ्यावर. मध्ये त्याची आत्या."

"आत्या मध्ये?" त्याचे डोळे चमकले. "ती उठली कधी?"

"उठलीच नाही."

"वैशाली," तो गंभीर होऊन म्हणाला, "तुझ्या प्रेमकथेत आत्याचा रोल सगळ्यात मोठा आहे." घरी येऊन मी हे नितीनला सांगितलं. तो जरा दुखावला. पण मग म्हणाला, खरं आहे यार.

सिनेमा काढायचं त्याच्या डोक्यात फार आधीपासून होतं. त्याच्या मते अमेरिकेच्या पडद्यावर फिलिपिनो माणूस दोनच वेळा दिसतो: नर्स म्हणून सलाइन लावताना आणि जहाजाच्या गोष्टीत मागे दोरखंड ओढताना. तो प्रेमात कधी पडत नाही. म्हणून बोयेटने गोष्ट लिहिली. शॉमबर्गमध्ये वाढलेले फिलिपिनो मित्र आणि त्यांच्या प्रेमाचे घोळ. विनोदी. मित्र शोधायला लांब जायची गरज नव्हती. शाळेपासूनचे तिघं हाताशी होते, आणि तिघांचेही घोळ त्याला पाठ होते.

टेस ही नर्स. तिने आयुष्यात तीन वेळा मनापासून प्रेम केलं आणि तिघांचंही नाव ब्रायन होतं. आर्नेल गाड्या विकायचा; अनोळखी माणसाला वीस मिनिटांत ट्रक गळ्यात मारणारा हा गडी स्वतःच्या मैत्रिणीला लग्नाचं विचारायला सात वर्षं शब्द शोधत होता. आणि ग्रेस. प्राथमिक शाळेत शिक्षिका. शांत, नीटनेटकी. तिचं लग्न जहाजावर नोकरी करणाऱ्या रॅमॉन नावाच्या माणसाशी ठरलेलं होतं, आणि रॅमॉन अस्तित्वात नव्हता.

रॅमॉनचं झालं असं. ग्रेसची आई टिटा लुझ. टिटा म्हणजे आपल्याकडची मावशी किंवा काकू. वयाने मोठ्या प्रत्येक बाईला लावायचा शब्द. टिटा लुझ चर्चमधल्या बायकांत वजन असलेल्या बाई. त्या सगळ्यांच्या मुलींची लग्नं झाली, ग्रेस राहिली. एका लग्नात चारी बाजूंनी प्रश्न यायला लागले तेव्हा ग्रेस वैतागून बोलून गेली, "आहे एक जण. जहाजावर असतो." जहाज हे तिला त्या क्षणी सुचलं, पण निवड फार उत्तम होती. जहाजावरचा माणूस वर्षानुवर्षं आला नाही तरी कुणाला शंका येत नाही. फिलिपिनो घरांत असा एक तरी माणूस खरोखरच समुद्रावर असतो.

पण टिटा लुझना त्याच्याशी बोलायचं होतं. मग बोयेट रॅमॉन झाला. ग्रेस आधी नको म्हणाली, त्याने हट्ट केला. टबात पाणी घेऊन एका हाताने ते घुसळायचं, वाऱ्याच्या आवाजासाठी जवळ हेअर ड्रायर लावायचा, फोनवर दक्षिणेकडच्या बेटांवरचा हेल काढायचा, आणि बोलणं अडचणीचं व्हायला लागलं की लाइन कट करायची. एकदाच करायचं असं ठरलं होतं. पण टिटा लुझना जावई आवडला. मग वाढदिवस आले, नाताळ आला, ईस्टर आला. काही दिवसांनी त्या फोन शेजारच्या बाईच्या हातात द्यायला लागल्या, "बोल, आमचा रॅमॉन आहे." असं बरीच वर्षं चाललं.

हे सगळं बोयेटने गोष्टीत घातलं, फक्त रॅमॉनचा आवाज काढणारा तेवढा आर्नेल केला, आणि एका रविवारी तिघांना घरी बोलावून वाचून दाखवलं. टेस म्हणाली, ग्रेस आणि आर्नेल हुबेहूब उतरलेत, पण मी अशी नाही. आर्नेल म्हणाला, पोरी अगदी फोटोसारख्या आल्यात, पण मी असा बावळट कुठे आहे? ग्रेस शेवटी इतकंच म्हणाली, "मी मला करणार नाही."

कुणीच स्वतःला करायला तयार होईना. बोयेटने मग तोडगा काढला: ग्रेसने टेस व्हायचं, टेसने ग्रेस. आर्नेलचं काम बोयेट स्वतः करणार. आर्नेलला काही उरलं नाही, म्हणून त्याला तीनही ब्रायन दिले. एकच सोनेरी केसांचा टोप तीन वेगवेगळ्या भांगांनी.

"आणि बोयेट कुठाय यात?" आर्नेलने विचारलं. "सगळे आहेत. तूच नाहीस."

"मी डिरेक्टर आहे," बोयेट म्हणाला आणि प्लेटा उचलायला लागला.

आवाजाचं काम माझ्याकडे आलं. लांब काठीच्या टोकाला माइक बांधलेला असतो, त्याला बूम म्हणतात. तो बोलणाऱ्यांच्या डोक्यावर धरायचा, पण चित्रात येऊ द्यायचा नाही, आणि कानाला हेडफोन लावून ऐकत राहायचं. माझ्या व्हिसावर मला दुसरा पगार घेता येत नव्हता, त्यामुळे बोयेटच्या दृष्टीने मी आदर्श कर्मचारी होते. कॅमेऱ्यावर डिंग. तो एरवी लग्नाचे व्हिडिओ काढायचा. सीन भांडणाचा असो की रडण्याचा, त्याचा कॅमेरा शेवटी हळूच जेवणाच्या टेबलाकडे वळायचा.

शूटिंग शनिवार-रविवारी. दिग्दर्शक म्हणून बोयेट अगदी हुकूमशहा झाला. ऑफिसात दहा वेळा सॉरी म्हणणारा माणूस सेटवर ओरडायचा, "टेस, अजून एकदा! ग्रेस असं दुःख नाही करत! ग्रेस आधी टेबल पुसते, मग दुःख करते!" ग्रेस कोपऱ्यात लाइट धरून उभी असायची. तिच्याकडे कुणी बघायचं नाही. मी बघितलं, कारण बूम धरला की मान वळवण्याखेरीज काही करता येत नाही. ती टेसच्या हातातल्या फडक्याकडे बघत होती.

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नेहमी भेटणाऱ्या शोभाकाकूंनी मला विचारलं, "काय गं, त्या फिलिपिनो लोकांच्या सिनेमात काम करतेस म्हणे? नाचबीच आहे का?" मी म्हटलं, नाही काकू, मी काठी धरते. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी ते बहुधा आधीच चार जणींना सांगून टाकलं होतं.

रॅमॉनच्या फोनचा सीन टिटा लुझच्याच घरी करायचा होता, कारण स्वयंपाकघर तेच हवं असं बोयेटचं म्हणणं. एक कॉमेडी आहे, थोडं शूटिंग आहे, इतकंच त्यांना माहीत होतं. ग्रेसने कबूल केलं ते एका अटीवर: आई त्या वेळी घरात नको. दुपारी टिटा लुझ चर्चमध्ये भजनाच्या तालमीला जायच्या. तेवढ्यात उरकायचं ठरलं.

टेस ग्रेस होऊन स्वयंपाकघरात फोन धरून उभी. ग्रेस लाइटपाशी. मी आणि बोयेट शेजारच्या धुण्याच्या खोलीत. इथल्या घरांत ही खोली गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्या मधोमध असते. बोयेट गुडघ्यांवर बसला. पुढे टब, एका हातात हेअर ड्रायर. मी त्याच्यावर बूम धरला. बोयेट बोलायला लागला आणि मी दचकलेच. आवाज त्याचा नव्हताच. खोल, सावकाश, थकलेला, मायाळू. "नानाय," म्हणजे आई, "इथे लाटा फार उंच आहेत. पण मी जेवलोय. तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? गोळी सकाळचीच घेताय ना?"

माझ्या कानांत हेडफोन होते, त्याच्या कानाशी ड्रायर. गॅरेजचं दार उघडल्याचं दोघांनाही ऐकू आलं नाही. तालीम रद्द झाली होती. टिटा लुझ दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या घेऊन दारात उभ्या होत्या, आणि त्यांना दिसत होती जमिनीवर गुडघे टेकलेल्या बोयेटची पाठ.

"रॅमॉन?" त्या म्हणाल्या.

आणि बोयेट, इतक्या वर्षांच्या सवयीने, मागे न बघता म्हणाला, "हो, नानाय."

मग तो वळला. ड्रायर चालूच होता. टबातलं पाणी हिंदकळून थांबलं. मी बूम तसाच धरून उभी. तो खाली कसा घ्यायचा हे मला त्या वेळी काही केल्या आठवेना.

"ते बंद कर," टिटा लुझ म्हणाल्या. "तापलंय."

त्या आत गेल्या. दूध फ्रिजमध्ये ठेवलं. अंडी ठेवली. मग ग्रेससमोर उभ्या राहिल्या. "तो आहे की नाही?"

"नाही, मम्मी."

"कधीच नव्हता?"

ग्रेसने मान हलवली. टिटा लुझ खुर्चीवर बसल्या. आता रडतील किंवा हात उगारतील असं मला वाटलं. बोयेट दाराशी ओल्या गुडघ्यांनी उभा होता. पण त्या छताकडे बघत म्हणाल्या, "दर रविवारी चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना होते. मी सांगितलंय म्हणून. फादरना आता काय सांगू?" मग परत, "लुर्देसच्या जावयाला तुरुंगात टाकलं तेव्हा मी काय काय बोललेय तिला. ती आता मला सोडेल?"

"टिटा, चूक माझी आहे," बोयेट म्हणाला.

"तू गप्प बस. तुझा विचार मी नंतर करणार आहे." मग त्यांनी टेबलावर हात आपटला. "मरू दे त्याला."

कुणाला काही कळेना.

"समुद्रावर. माणसं मरतात समुद्रावर. बोयेट, तू लेखक ना? लिही."

टेबलाभोवती बसून रॅमॉनचा मृत्यू ठरला. बोयेटने वादळ सुचवलं. टिटा लुझ म्हणाल्या, नको, वादळ बातम्यांत येतं. आर्नेलने चाच्यांचं नाव काढलं, त्याला टोपासकट बाहेर पाठवलं. शेवटी झोपेत हृदय बंद पडलं असं ठरलं, आणि दफन समुद्रातच, म्हणजे शरीर परत यायचा प्रश्न नाही.

"पण पाद्र्यापुढे कबुली देऊन गेला पाहिजे," टिटा लुझ म्हणाल्या.

"झोपेत, टिटा?"

"झोपायच्या आधी."

"जहाजावर पाद्री कुठला?"

"पाहुणा. दुसऱ्या बंदरात उतरायचा होता." लेखक नक्की कोण होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांच्यात माणूस गेला की नऊ दिवस घरी प्रार्थना असते. चर्चमधल्या बायका येतात, जपमाळ होते, मग सगळे जेवतात. रॅमॉनचे नऊ दिवस थाटात झाले. फोटो नव्हता; म्हणून जहाजाचा फोटो फ्रेम करून टेबलावर ठेवला आणि पुढे मेणबत्ती. मी इंडियन स्टोअरमधून चंदनाच्या कागदी चकत्यांचा हार नेला होता. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून. टिटा लुझनी तो जहाजाला घातला, लांबून बघितला आणि माझा हात दाबला. "हिजा," म्हणजे पोरी, "तुमच्या लोकांना हे बरं कळतं."

बोयेटची शिक्षा अशी की त्याने नऊही दिवस यायचं, खुर्च्या मांडायच्या, ताटं वाढायची आणि स्वतःच्या आत्म्याच्या शांतीसाठी सगळ्यांबरोबर प्रार्थना म्हणायची. पहिले काही दिवस टेस आणि आर्नेल हसू दाबून लाल व्हायचे. बोयेटही खाली मान घालून हसत असावा, असं मला वाटायचं.

शेवटच्या दिवशी बायका रॅमॉनविषयी बोलायला लागल्या. एकजात सगळ्यांना तो माहीत होता. एक म्हणाली, माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख माझ्या मुलांच्या लक्षात नव्हती, त्याने फोनवर विचारली होती. दुसरी म्हणाली, माझा नवरा गेला त्या वर्षी नाताळला तो म्हणाला होता, आज घरात एकट्या बसू नका, लुझकडे जा. मी आले. ज्या लुर्देसबाईंची टिटा लुझना धास्ती होती, त्या उठून उभ्या राहिल्या. जावयाच्या वेळी सगळ्या मला टाळत होत्या, म्हणाल्या. लुझने फोन दिला तेव्हा तो एवढंच म्हणाला, तुम्ही जेवता ना नीट? आणि त्या ओक्साबोक्शी रडल्या.

मी बोयेटला शोधलं. तो सिंकपाशी उभा होता. नळ चालू, हातात भाताचा डाव, आणि खांदे हलत होते. टेस-आर्नेलचं हसू कधीच थांबलं होतं. आर्नेल त्याच्याजवळ सरकला आणि कुजबुजला, "डिंगचा कॅमेरा गाडीत आहे. आणू का? असा सीन परत नाही मिळणार, बोयेट."

"नको."

"सायांग," आर्नेल म्हणाला. सायांग म्हणजे हातचं वाया गेलं.

"नको म्हटलं ना."

ग्रेस दारात उभी राहून हे ऐकत होती.

पुढच्या शनिवारी राहिलेलं शूटिंग होतं. ग्रेसला टेसचा सीन करायचा होता. तिच्या कॉलरला छोटा माइक लावला होता, तो चालूच होता. बोयेट तिला सीन समजवायला तिच्याजवळ गेला. माझ्या हेडफोनमध्ये त्याचं बोलणं आलं, पण सीनचं नव्हे.

"ग्रेस, मी रॅमॉन नाहीये."

"माहितीये. रॅमॉन कधी माझ्यावर ओरडला नाही."

त्याने हातातले कागद गुंडाळले. मग ती म्हणाली, "मी त्याच्याशी लग्न केलं असतं, बोयेट. तुला कळत होतं का हे?"

"तू कधी बोलली नाहीस."

"तूसुद्धा लाइन कट करायचास."

मी हेडफोन काढून गळ्यात घातले. त्यानंतर मला फक्त दिसलं. तो काहीतरी म्हणाला, ती जमिनीकडे बघून हसली, आणि डिंगचा कॅमेरा नेहमीप्रमाणे सामोशासारख्या काही पदार्थांच्या ट्रेकडे वळला होता.

बोयेट टिटा लुझकडे रीतसर गेला. इस्त्रीचा शर्ट, सोबत टेस, आर्नेल आणि साक्षीला मी. ग्रेसचा हात मागितला. टिटा लुझनी त्याला आपादमस्तक बघितलं.

"एक वर्ष."

"टिटा?"

"रॅमॉन जाऊन महिना झाला नाही. वर्षाची प्रार्थना होईपर्यंत दुखवटा असतो. माझी मुलगी लगेच दुसऱ्याबरोबर फिरायला लागली तर लोक काय म्हणतील?"

"टिटा, तो मीच होतो!"

"म्हणून तर सांगते," टिटा लुझ म्हणाल्या. "स्वतःविषयी तरी थोडा आदर ठेव."

मी हे शोभाकाकूंना सांगितलं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल अशी माझी खात्री होती. त्या अजिबात हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर केलं बाईने."

ते वर्ष बोयेटने पाळलं. ग्रेसशी तो चर्चच्या पायऱ्यांवर बोलायचा, चारचौघांत, हातभर अंतर ठेवून. टिटा लुझ काळे कपडे घालायच्या आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सुस्कारे टाकायच्या, "रॅमॉन असता तर न सांगता बर्फ काढलं असतं." बोयेट फावडं घ्यायचा आणि अंगणातलं बर्फ काढायचा. ऑफिसात मला म्हणाला, "माझ्यापेक्षा चांगल्या माणसाशी माझी स्पर्धा आहे, वैशाली. आणि तो आता मेलाय, म्हणजे त्याच्या हातून काही चुकायची शक्यता नाही."

दरम्यान सिनेमा पूर्ण झाला. बोयेटने त्यातून रॅमॉन काढून टाकला. फोन, टब, ड्रायर, सगळं. आर्नेल आणि टेस त्याच्याशी भांडले. म्हणाले, अरे तेच तर खरं होतं! तो म्हणाला, "म्हणूनच." सिनेमात ग्रेस नावाची शिक्षिका राहिली, पण तिला काही गोष्टच उरली नाही. ती येते, टेबल पुसते आणि मित्रांना चहा देते.

एका कॉलेजच्या हॉलमध्ये छोट्या सिनेमांची संध्याकाळ होती, तिथे तो दाखवला. ब्रायनांवर लोक खूप हसले. बाकी वेळ खुर्च्यांचे आवाज येत होते. नंतर प्रश्नोत्तरं झाली. जाड फ्रेमच्या चष्म्याचा एक तरुण उभा राहिला आणि इतकं छान बोलला की त्याने ते आरशासमोर बसवून आणलं असावं. "या सिनेमात कुणी काही पणाला लावत नाही. विशेषतः ती शिक्षिका. तिला आतलं आयुष्यच नाही. दिग्दर्शकाने प्रेमात कधी काही गमावलंय की नाही, असा प्रश्न पडतो."

मी बोयेटकडे बघितलं. टेसने त्याच्या बाहीला हिसका दिला, बोल की. ग्रेस मागच्या रांगेत होती. बोयेटने माइक जवळ घेतला.

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," तो म्हणाला. "तो भाग मला नाही जमला."

पहिल्या रांगेत टिटा लुझ काळ्या कपड्यांत बसल्या होत्या. त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. बाहेर आल्यावर त्याला म्हणाल्या, "ग्रेस छान दाखवलीस. सभ्य." त्यांच्या तोंडून बोयेटची स्तुती मी पहिल्यांदाच ऐकली.

वर्षाची प्रार्थना आली तोवर नितीनला दुसऱ्या राज्यात, हर्नडनला नोकरी मिळाली होती आणि आमचं सामान खोक्यांत गेलं होतं. निघायच्या आदल्या रविवारी मी चर्चमध्ये गेले. प्रार्थना आटोपली, सगळे मागच्या हॉलमध्ये जेवायला जमले, आणि टिटा लुझ आत जाऊन कपडे बदलून आल्या. पिवळा धमक झगा, वर मोठी फुलं. हॉलभर एक 'आऽऽ' उठला. त्यांनी बोयेटला दंडाला धरून ग्रेसशेजारच्या खुर्चीत बसवलं आणि बायकांना ओळख करून दिली, जणू त्याला त्या शाळकरी असल्यापासून ओळखतच नव्हत्या. "हा रॉबर्टो. कंप्युटरमध्ये आहे. जमिनीवर असतो." बायकांनी माना डोलावल्या. लुर्देसबाईंनी त्याच्या ताटात भात वाढला आणि लग्न कधी ते विचारलं. टिटा लुझनी तारीख सांगितली. बोयेट आणि ग्रेस दोघांनीही चमकून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनाही ती तेव्हाच कळली.

नंतर मी पार्किंगमध्ये गाडीत बसले होते. निरोप घ्यायचा म्हणून थांबले होते, पण बोयेटला आवराआवरीचं काम लागलं होतं. तो हॉलमधून बाहेर आला तो एक भलंमोठं पातेलं पोटाशी कवटाळून. मागून ग्रेस, हातात गाडीची किल्ली. पातेलं डिकीत मावेना. त्याने ते मागच्या सीटवर ठेवलं. ग्रेस म्हणाली, असं नाही, सांडेल. तो म्हणाला, रिकामं आहे. ती म्हणाली, तळाला रस्सा आहे. तिने त्याला बाजूला सारलं आणि पातेल्याला सीट बेल्ट लावला. त्याने तो सोडून दुसऱ्या बाजूने लावला. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

मी काच खाली करून हात हलवला. दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. ते मनापासून भांडत होते.